काळाराम राखाडी का आला?

भाचीने दोन प्रिंट माझ्यापुढे ठेवल्या. एक काळाराम मंदिराची, पूर्व दरवाज्याबाहेरून काढलेली. दुसरी नाशिकरोडच्या मुक्तिधामची. दोन्हींत फोकस नेमका, चौकट सरळ, हात कुठे हललेला नाही. पण काळाराम काळा नव्हता, चुलीतल्या राखेच्या रंगाचा झाला होता. आणि मकराण्याच्या शुभ्र संगमरवराचं मुक्तिधाम पावसात भिजलेल्या सिमेंटसारखं मळकट दिसत होतं. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्या तर दोन्ही देवळं जवळजवळ एकाच रंगाची.

"आत्या, हा ऑटो आहे ना? मग उजेडाचं त्यानेच बघायला हवं ना? बिघडलाय का?"

कॅमेरा बिघडलेला नव्हता. त्याला नेमून दिलेलं काम त्याने दोन्ही देवळांपुढे चोख केलं होतं, आणि म्हणूनच दोन्ही फोटो चुकले होते. हे तिला पटेना. मग चहा टाकला, कॅमेरा टेबलावर घेतला आणि बसलो. त्या दुपारी तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते आहे. जुने फिल्म कॅमेरे आता पुन्हा तरुण मुलामुलींच्या गळ्यात दिसायला लागले आहेत. त्याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त 'ऑटो' या शब्दावर सगळ्यांचा फार विश्वास आहे, आणि रोल वाया जातात ते तिथेच.

आमचा कॅमेरा कॅनन एई-१. काका मस्कतला नोकरीला होते, सुट्टीवर येताना त्यांनी तो बाबांसाठी आणला. त्या काळी चांगला परदेशी कॅमेरा घरात यायचा तो बहुतेक असाच, आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून. एई म्हणजे ऑटोमॅटिक एक्स्पोजर. हे मॉडेल एप्रिल १९७६ मध्ये बाजारात आलं, आणि पोटात मायक्रोप्रोसेसर असलेला हा जगातला पहिला एसएलआर. एसएलआरमध्ये आपण बघतो तेही फोटो काढणाऱ्या भिंगातूनच. भिंगामागे तिरका आरसा असतो, तो उजेड वर फेकतो. वरच्या उंचवट्यात पेंटाप्रिझम नावाचा काचेचा ठोकळा असतो, तो चित्र सुलटं करून आपल्या डोळ्यापर्यंत आणतो. आरशामागे शटरचा पडदा आणि पडद्यामागे फिल्म. एवढं डोळ्यासमोर असलं की पुढचं सगळं समजतं.

आता उजेडाचा हिशेब.

पावसाळ्यात नाशिककर सकाळी पहिली चौकशी करतो ती 'गंगापूरमधून किती सोडलंय' याची. समजा धरणातून ठरावीक पाणी खाली सोडायचं आहे. एक हजार क्युसेकने आठ तास सोडा, नाहीतर आठ हजारने एक तास सोडा. घाटावरून गेलेलं एकूण पाणी तेवढंच. फिल्मवर पडणाऱ्या उजेडाचंही असंच. भिंगातलं छिद्र किती उघडलं हा झाला दरवाजा, शटर किती वेळ उघडं राहिलं हे झाले तास, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे एक्स्पोजर. फिल्मला किती उजेड लागतो ते डबीवरच्या आयएसओ आकड्यावरून कळतं. १०० ची फिल्म जास्त तहानलेली, तिला ४०० च्या फिल्मच्या चौपट उजेड द्यावा लागतो.

पण एकूण पाणी सारखं म्हणून घाटावरचा देखावा सारखा नसतो. हजाराने सोडलं तर खालच्या पायऱ्या ओल्या होतात. आठ हजाराने सोडलं तर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं ते बघायला माणसं पुलावर जमतात. कॅमेऱ्यातही तोच उजेड दोन वाटांनी दिला तर दोन वेगळे फोटो मिळतात. छिद्र मोठं आणि वेळ कमी, तर हलणारी वस्तू जागच्या जागी गोठते पण मागचं-पुढचं धूसर होतं. छिद्र लहान आणि वेळ जास्त, तर जवळच्या पायरीपासून लांबच्या कळसापर्यंत सगळं स्पष्ट येतं पण जे हललं ते फरफटतं. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, कुणी धप्पा मारतो तेव्हा उडालेल्या रंगाचा थेंब न् थेंब हवा असेल तर सेकंदाचा पाचशेवा भाग पाहिजे. सोमेश्वरचा धबधबा दुधासारखा सांडताना दाखवायचा असेल तर सेकंदाचा आठवा भाग, आणि कॅमेरा तिवईवर.

छिद्राचे आकडे नवख्याला छळतात: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. आकडा वाढतो तसं छिद्र लहान होतं, कारण तो भागाकारातला खालचा आकडा आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगावर २ म्हणजे ५० भागिले २, तर छिद्राचा व्यास २५ मिलिमीटर. ८ म्हणजे जेमतेम सव्वासहा. आणि हे १.४ पटींचं विचित्र प्रमाण का? वर्तुळाचा व्यास १.४ पट केला की त्याचं क्षेत्रफळ दुप्पट होतं म्हणून. म्हणजे या रांगेत एक घर सरकलं की उजेड दुप्पट तरी होतो नाहीतर निम्मा. शटरचे आकडेही तसेच, ६०, १२५, २५०, ५००, १०००, दरवेळी निम्मा वेळ; १२५ म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. फिल्मचे १००, २००, ४००, ८०० हेही तसेच. या एका घराला फोटोग्राफर 'स्टॉप' म्हणतात. मी भाचीला घाटाची पायरी म्हणून सांगितलं. एका बाजूने दोन पायऱ्या उतरलो तर दुसऱ्या बाजूने दोन चढायच्या, की पाणी तिथंच राहतं.

तीन वेगळ्या गोष्टी एकाच जातीच्या पायऱ्यांनी मोजल्या की सगळा गुणाकार-भागाकार संपतो आणि नुसती बेरीज-वजाबाकी उरते. समोरच्या उजेडाच्या इतक्या पायऱ्या, त्यात फिल्मच्या मिळवल्या, शटरच्या वजा केल्या, उरल्या त्या छिद्राच्या. ऑटो एक्स्पोजरचं सगळं गणित एवढंच. लोकांना वाटतं आत काहीतरी चित्र ओळखणारं असेल. आत एक वजाबाकी आहे.

आणि त्या वजाबाकीतही एक आकडा आपणच द्यायचा असतो. एई-१ मध्ये शटर आपण ठरवतो, छिद्र कॅमेरा ठरवतो. याला शटर प्रायॉरिटी म्हणतात. पेंटॅक्स एमई, निकॉन एफई, ऑलिंपस ओएम-२ यांच्यात उलटं. छिद्र तुम्ही ठरवा, वेळ कॅमेरा ठरवेल. हा फरक आवडीनिवडीचा वाटतो, पण मुळात तो यंत्राचा आहे. छिद्र भिंगात असतं आणि शटर कॅमेऱ्यात. कॅमेऱ्याने आपल्याच शटरची वेळ बदलणं तुलनेनं सोपं, त्यासाठी भिंगात फारसं काही बदलावं लागत नाही. पण भिंगातलं छिद्र बाहेरून नेमकं हव्या त्या आकड्यावर थांबवायचं तर भिंग आणि कॅमेरा यांच्यात त्या कामाची दांडी आधीपासून असावी लागते. कॅननने १९७१ साली एफडी जातीची भिंगं आणली तेव्हाच ही सोय त्यांत करून ठेवली होती. पाच वर्षांनी एई-१ आला तेव्हा ती दांडी तयारच होती. मला हा दूरचा विचार फार आवडतो.

आता बटण दाबल्यावर काय होतं ते सावकाश बघू. मी भाचीला कॅमेरा डोळ्याला लावायला सांगितला, शटर १२५ वर, भिंगाची कडी ऑटोच्या खुणेवर, आणि बटण अर्धंच दाब म्हटलं. चौकटीच्या उजव्या कडेला आकड्यांची पट्टी आहे. तिथली सुई थरथरून ५.६ वर येऊन थांबली. खिडकीकडे वळवलं तर टुणकन ११ वर गेली, सोफ्याखालच्या अंधाराकडे वळवलं तर २ च्याही पलीकडे. ही सुई हलवणारा सिलिकॉनचा छोटा सेल वर, डोळ्याच्या काचेजवळ बसवलेला असतो. त्याच्या आधीच्या कॅमेऱ्यांत कॅडमियम सल्फाइडचे सेल असत. ते मंद. एकदा सूर्याकडे पाहिलं की काही वेळ त्यांच्या 'डोळ्यापुढे' तोच उजेड राहायचा, उन्हातून माजघरात आल्यावर आपल्याला होतं तसं. सिलिकॉनला ही खोड नाही.

बटण पूर्ण दाबलं की एका क्षणात बरंच काही घडतं. आधी कॅमेऱ्याने ठरवलेला छिद्राचा आकडा पक्का होतो. मग आरसा वर उडतो. आरसा उडाला की वरच्या सेलला उजेड मिळणंच बंद, म्हणजे खऱ्या फोटोच्या क्षणी कॅमेरा आंधळा असतो आणि आधी मोजलेलं लक्षात ठेवून काम करतो. त्याच वेळी ती दांडी भिंगातल्या पात्या मिटत नेते आणि ठरलेल्या आकड्यावर थांबवते. शटरला कापडाचे दोन पडदे असतात. पहिला पडदा आडवा धावत फिल्म उघडी करतो. दुसऱ्याला विद्युतचुंबकाने धरून ठेवलेलं असतं. ठरलेली वेळ झाली की चुंबक सोडतो आणि दुसरा पडदा मागोमाग धावत फिल्म झाकतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाला पहिला पडदा पलीकडे पोचायच्या आतच दुसरा निघालेला असतो, म्हणजे फिल्मवरून उजेडाची एक चिंचोळी फट सरकत जाते. पूर्ण फिल्म एकदम उघडी मिळते ती ६० किंवा त्याहून संथ शटरला. म्हणून या कॅमेऱ्याला फ्लॅश लावायचा तर शटर ६० च्या वर न्यायचं नाही. मग आरसा खाली, पात्या पुन्हा उघड्या, सुई पुन्हा जागी. आपण 'खटॅक' म्हणतो तेवढ्यात एवढं सगळं.

हे पूर्वी इलेक्ट्रॉनिक हिशेबाशिवायही करत असत. १९६५ च्या कोनिका ऑटो-रिफ्लेक्समध्ये मीटरची सुई खरोखरच चिमट्यात पकडली जायची आणि एक दांडी सरकत येऊन त्या सुईला अडायची. जिथे अडेल तितकं छिद्र. १९७१ च्या पेंटॅक्स ईएसमध्ये शटरची वेळ इलेक्ट्रॉनिक्सने ठरू लागली. एई-१ ने हिशेबच चिपवर नेला, आणि त्यामुळे कॅमेऱ्यातले सुमारे ३०० सुटे भाग कमी झाले. भाग कमी म्हणून जुळणी सोपी, म्हणून किंमत आवाक्यात, म्हणून हा कॅमेरा लाखोंनी खपला आणि आज पन्नास वर्षांनीही सापडतो. १९७८ च्या कॅनन ए-१ मध्ये तर शटर आणि छिद्र दोन्ही कॅमेऱ्यानेच ठरवायची सोय आली.

आणि त्याच्याही आधी? दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. सिनेमाच्या आधी त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय केला. १९१३ मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि १९१८ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी काढली ती इथे नाशकात. उजेड मोजणारे विजेचे मीटर फोटोग्राफरांच्या हाती आले ते १९३० च्या दशकात. म्हणजे सूर्याच्या उजेडात, हाताने दांडा फिरवत फिल्म उतरवणारा हा माणूस उजेडाचा अंदाज अनुभवाने घेत होता. ती विद्या पुढे एका साध्या नियमात उरली. लख्ख ऊन असेल तर छिद्र १६ वर आणि शटर फिल्मच्या आकड्याच्या जवळचं. २०० ची फिल्म, तर २५० चं शटर आणि १६ चं छिद्र. शटर १००० करायचं तर दोन पायऱ्या कमी, म्हणून छिद्र दोन पायऱ्या उघडून ८. हा नियम मी भाचीकडून पाठ करून घेतला, कारण समोरची सुई खोटं बोलते आहे का हे तपासायला दुसरं साधन नाही.

सुई खोटं बोलते ते कसं, इथे आता काळाराम येतो.

कॅमेऱ्याच्या सेलला देऊळ दिसत नाही. त्याला फक्त परत येणारा उजेड मिळतो, चौकटीतल्या सगळ्या वस्तूंचा मिळून एकच आकडा, मधल्या भागाला थोडं जास्त वजन देऊन. आता कमी उजेड येण्याची दोन कारणं असू शकतात. एक, वस्तू मध्यम रंगाची आहे पण उजेडच कमी आहे. दोन, उजेड भरपूर आहे पण वस्तूच काळी आहे. सेलला हा फरक कळण्याचा काही मार्ग नाही. म्हणून कॅमेरा बनवणाऱ्यांनी त्याला एक गृहीतक शिकवलं, की समोरचं जग सरासरीने मध्यम करडं आहे. ढोबळ मानाने, पडलेल्या उजेडातला १८ टक्के परत फेकणारा करडा रंग. चारचौघांच्या फोटोत आकाश, झाडं, कपडे, चेहरे, जमीन यांची सरासरी बऱ्याचदा तिथेच येते. म्हणूनच ऑटो बहुतेक वेळा बरोबर येतं.

काळाराम मात्र काळ्या पाषाणाचा. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे देऊळ चौकटभर घेतलं की सेलला फार थोडा उजेड परत येतो. कॅमेरा समजतो, संध्याकाळ झाली असावी. तो छिद्र दीडदोन पायऱ्या जास्त उघडतो आणि काळ्याला ओढून करड्यावर आणतो. मुक्तिधामपुढे नेमकं उलट. पांढरा संगमरवर भरभरून उजेड परत फेकतो, कॅमेरा समजतो ऊन फार कडक आहे, छिद्र मिटतो, आणि पांढऱ्याला दाबून करड्यावर आणतो. दोन्ही देवळं एका रंगाची झाली ती अशी. ऑटो म्हणजे 'बरोबर' नव्हे, ऑटो म्हणजे 'करडं'. हे एकदा मनात बसलं की हा कॅमेरा आपला होतो.

उपाय उलटा लक्षात राहतो, म्हणून सावकाश वाचा. काळ्या वस्तूला उजेड कमी द्यायचा. पांढऱ्या वस्तूला जास्त द्यायचा. भाचीला हे ऐकून आधी विचित्र वाटलं. पांढरं आधीच उजळ, त्याला आणखी उजेड कशाला? कारण कॅमेऱ्याने त्याच्या वाटणीचा उजेड काढून घेतलेला असतो, तो परत द्यायचा.

एई-१ मध्ये हे करायचं कसं? यात कमी-जास्त करायची वेगळी चकती नाही. तीन रस्ते आहेत. मला सगळ्यात आवडतो तो हा: कॅमेरा देवळाकडे न रोखता, त्याच उन्हात पडलेल्या एखाद्या मध्यम रंगाच्या जागेकडे रोखा. जुनी फरशी, धुळीचा रस्ता, उन्हातलं गवत. सुई काय म्हणते ते वाचा, भिंगाची कडी ऑटोवरून काढून त्या आकड्यावर हाताने लावा, मग देवळाकडे वळा. आता सुई काहीही ओरडू दे. मध्यम रंगाचं काही सापडलं नाही तर आपला तळहात आहेच. त्याच उन्हात धरा, चौकट भरून मोजा, फक्त छाया पडू देऊ नका. तळहात करड्यापेक्षा साधारण एक पायरी उजळ असतो, आणि माणूस गोरा असो की सावळा, तळहातात फार फरक पडत नाही. म्हणून सुई सांगेल त्याहून एक पायरी जास्त उघडायचं. सुई ११ म्हणाली तर ८.

दुसरा रस्ता फिल्मच्या आकड्याचा. ४०० ची फिल्म आहे पण कॅमेऱ्याला १६०० सांगितलं, तर तो फिल्म कमी तहानलेली समजून दोन पायऱ्या कमी उजेड देतो. काळारामसाठी हे. मुक्तिधामसाठी १०० किंवा २०० सांगायचं. तिसरा रस्ता भिंगाच्या बाजूच्या छोट्या बटणाचा. ते दाबून धरलं की कॅमेरा दीड पायरी जास्त उजेड देतो. हे बटण मुळात पाठीमागून उजेड असलेल्या माणसासाठी. पांडवलेण्यांच्या ओसरीत कुणाला उभं करा, मागे उघडं आकाश येऊ द्या, आणि ते बटण न दाबता फोटो काढा. माणसाची नुसती काळी आकृती मिळेल.

दुसऱ्या रस्त्यात धोका आहे आणि तो मला चांगलाच भोवला आहे. २०१५ च्या सिंहस्थात, २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला मी पहाटेपासून घाटाच्या बाजूला उभी होते. आखाडे आले, निशाणं आली, भस्म लावलेली ओली शरीरं पाण्यातून वर आली. छत्तीस फोटो काढले. आठवड्यापूर्वी काळारामसाठी फिल्मच्या आकड्याची कडी १६०० वर नेली होती ती तशीच होती. संपूर्ण रोलला दोन पायऱ्या उजेड कमी पडला. निगेटिव्ह हातात घेतल्या तर काचेसारख्या आरपार, सावलीतले चेहरे त्यात नव्हतेच. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड पुष्कळ सहन करते, दोन-तीन पायऱ्यासुद्धा. कमी उजेड ती सहन करत नाही, कारण जे तिच्यावर उमटलंच नाही ते नंतर कुठून आणणार? बारा वर्षांनी येणारी पहाट होती ती. अजूनही त्या रोलची पट्टी मी फेकलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही आणि सांगायलाच हवी. तुम्ही कॅमेऱ्यात सगळं बरोबर केलं तरी फोटो पुन्हा करडा होऊ शकतो, लॅबमध्ये. निगेटिव्हवरून प्रिंट किंवा स्कॅन काढणारं यंत्रही ऑटोच असतं आणि तेही सरासरी करड्यावर आणतं. म्हणजे एकच चूक दोनदा. मी एकदा काळारामचा नीट कमी उजेडाचा फोटो दिला, तर लॅबने तो 'सुधारून' उजळ करून दिला, वर काळ्या भागात वाळूसारखे दाणे. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "मॅडम, तुमचा फोटो अंडर होता, आम्ही वाचवला." त्या माणसाचा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे, पण फोटो गेला तो गेला. तेव्हापासून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिते: करेक्शन नको. भाचीच्या दोन्ही प्रिंट एकाच रंगाच्या येण्यात लॅबच्या यंत्राचाही वाटा असणार.

बाकी प्रसंग याच एका समजुतीतून सुटतात. रामकुंडावरची संध्याकाळची आरती घ्या. भोवती अंधार, मध्ये दिव्यांच्या ज्योती. कॅमेरा अंधार मोजतो, तो करडा करायला जातो, आणि ज्योतींचे पांढरे गोळे होतात. अशा वेळी अंधाराला मोजूच नका. दिव्याने उजळलेल्या एखाद्या चेहऱ्याजवळ जाऊन मोजा. ४०० ची फिल्म असेल तर छिद्र २ आणि शटर ३० च्या आसपास येईल, श्वास रोखून काढायचा. उलट टोक भर दुपारचं. ४०० ची फिल्म आणि शटर चुकून ६० वर राहिलं तर कॅमेऱ्याला छिद्र ४५ च्या जवळ लागेल, जे भिंगात नाहीच. २२ ला भिंग संपतं. सुई पट्टीच्या टोकाला चिकटलेली दिसली की शटर वाढवा. नाशिकच्या उन्हात ४०० च्या फिल्मला ५०० किंवा १००० चं शटर ठेवून चाललं तर बहुतेक वेळ सुई मधल्या घरांत राहते.

जुना कॅमेरा विकत घेणार असाल तर थोडंसं. एई-१ ला सहा व्होल्टची ४एलआर४४ बॅटरी लागते, आणि ती संपली की शटर उघडतच नाही. निकॉन एफईमध्ये निदान सेकंदाचा नव्वदावा भाग बॅटरीशिवाय चालतो, पेंटॅक्स के१००० मध्ये तर बॅटरी फक्त मीटरपुरती. म्हणून जादा बॅटरी खिशात हवी, आणि कॅमेरा महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा असेल तर आतली काढून ठेवायची. वापरलेला एई-१ घेताना बटण दाबून कान द्या. वयाने आतलं वंगण सुकलं की आरशाच्या चाकांतून शिट्टीसारखा, खोकल्यासारखा आवाज येतो. जाणत्या माणसाकडून एक थेंब योग्य जागी गेला की तो थांबतो. मागचं दार उघडून कडेचा काळा स्पंज बोटाने दाबा. डांबरासारखा चिकट लागला तर उजेड आत झिरपणार, तो बदलून घ्या. भिंग उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या भिंगांना बुरशी फार लवकर धरते.

मागच्या रविवारी आम्ही दोघी पुन्हा पूर्व दरवाज्याशी गेलो. तिने आधी रस्त्याची फरशी मोजली, मग आपला तळहात, मग देऊळ. तीन वेगळे आकडे आले. फरशी ११ म्हणाली, तळहात जवळजवळ १६, आणि देऊळ ५.६. तळहातातून एक पायरी कमी केली तर तोही ११ वरच येतो, हे तिचं तिलाच सुचलं. तिने कडी हाताने ११ वर लावून एक फोटो काढला. मग दुसरा रस्ताही करून बघायचा म्हणून फिल्मचा आकडा १६०० वर नेला, भिंग ऑटोवर ठेवलं आणि तीच चौकट पुन्हा घेतली. या खेपेला सुई आपणहून ११ वर आली. कॅमेरा खाली घ्यायच्या आधी तिने खिशातून वही काढली आणि तिथेच उभ्या उभ्या लिहिलं: फ्रेम १९, काळाराम, फरशीवरून, ११. फ्रेम २०, काळाराम, १६०० वर. कडी परत ४०० वर आणली, १०.४०.